गॅस रूमच्या दारातला कागद

बारावीच्या वर्षी कोविड झाला आणि मला वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात येईल. महिना गेला, सहा महिने गेले, मग मी विचारायचंच सोडून दिलं. नागरवाड्यातल्या आमच्या घरात आई फोडणी घालायची, धूप जाळायची, फिनाइलने लादी पुसायची, आणि मला ते सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं वाटायचं. आई मागे येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नसायचा. ती बोलली की मी दचकायची, आणि मग ती माझ्या दचकण्याने दचकायची. आपण घरातल्या माणसांना न बघता कशावरून ओळखतो, हे मला तेव्हा समजलं.

एक वास मात्र यायचा. दुपारी कधीतरी, केस जळल्याचा. मी उठून शेगडी बघायची, स्विच चाचपायची, गच्चीवर जाऊन खाली गल्लीत डोकवायची. कुठेही काही जळत नसायचं. “अगं, काही नाही, तुझे भास,” आई म्हणायची. मीही हसून सोडून द्यायची. पण मला येणारा एकुलता एक वास जगात नव्हताच, याची रात्री अंथरुणात पडल्यावर भीती वाटायची.

अशा मुलीने बी.एस्सी.ला केमिस्ट्री घ्यावी हा शुद्ध आडमुठेपणा होता. पण कुणी “तुला जमणार नाही” म्हणण्याआधीच माझं डोकं फिरतं. बाबा रिफायनरीत, घरात लहानपणापासून केमिस्ट्रीचं कौतुक, माझे मार्क चांगले. नाकाचं मी कुणाला सांगितलं नाही. आईबाबांना वाटत होतं की आता बरंच परत आलंय, आणि मी तसं वाटू दिलं.

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी एप्रनची बटणं लावत सांगितलं, “सर्दी झाली असेल त्या दिवशी घरी बसा. ज्याला वास येत नाही तो इथे स्वतःलाही धोका आणि शेजाऱ्यालाही.” सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच जोरात.

सॉल्ट ओळखायचं म्हणजे निम्मं काम नाकाचं. पुडीत एक पांढरी भुकटी देतात, तिच्यात काय आहे ते शोधून काढायचं. ॲसिड घालून गरम केलं आणि व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट, सडक्या अंड्याचा वास आला तर सल्फाइड; कॉस्टिक सोडा घालून नाकात झिणझिण्या आल्या तर अमोनिया. बाकीच्या मुली नळीवर हात हलवून वास ओढून घ्यायच्या आणि तोंडं वेडीवाकडी करायच्या. मी त्यांच्याकडे बघून तशीच तोंडं करायची. तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावरच्या शेजारणीने मला पकडलं.

ती शहराच्या टोकाच्या मकरपुऱ्याची, तिच्या मराठीत गुजराती मिसळायची. तिचे वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर. आमचे रोल नंबर लागून होते म्हणून तीन वर्षं आमचं टेबल एकच. मी अमोनियाच्या नळीवर नाक नेऊन शांतपणे “हं” म्हटलं, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि हळूच म्हणाली, “तुला कशाचाच वास नाही येत ने?” मी नळी स्टँडला ठेवली. “घाबरू नको. माझं नाक आहे, तुझं गणित आहे. चालेल.”

आणि चाललंच. तिची गणितं मी करायची, माझे वास ती घ्यायची. परीक्षेत बोलायला बंदी, तेव्हा मी नळी तिच्या बाजूला कलती करायची आणि ती काचेच्या कांडीने टेबलावर टकटक करायची. एकदा वाजलं तर व्हिनेगर, दोनदा अमोनिया, तीनदा अंडं. पहिल्या वर्षाला मी वर्गात दुसरी आले. सर म्हणाले, “हिचं नाक बघा, शिका काही.” ती टेबलाखाली माझ्या पायावर पाय देऊन हसू दाबत होती.

दुसऱ्या वर्षाला गॅस रूम सुरू झाली. लॅबच्या टोकाला एक चिंचोळी खोली, दाराला कमरेपासून वर काच, आत एक पंखा आणि एक उंच काचेचं यंत्र. त्यात ॲसिड आणि आयर्न सल्फाइडचे काळे खडे एकत्र आले की सडक्या अंड्याचा गॅस निघायचा. आपली नळी घेऊन आत जायचं, गॅस मिनिटभर सोडायचा, खाली काळा किंवा पिवळा साका बसला की बाहेर यायचं. कॉलेजं आता हे यंत्र काढून टाकतायत म्हणे. आमच्याकडे होतं. सगळ्या मुली तिथून नाक मुठीत धरून पळत बाहेर यायच्या. मी जायलाच घाबरायची. नळी सोडून दुसरीकडूनच कुठून गॅस गळत असला तर मला कसं कळणार? शेजारीण म्हणाली, “तू बस ने, तुझी नळी पण मीच नेते.” तेव्हापासून ती दोघींच्या नळ्या घेऊन आत जायची. म्हणजे माझ्या वाटणीचा गॅसही तिच्याच छातीत जायचा. हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मी एक युक्ती काढली. लेड ॲसिटेटमध्ये बुडवलेला कागद या गॅसने काळा पडतो. त्याच्या पट्ट्या मी खिशात ठेवायला लागले. ती आत गेली की दाराच्या फटीत एक ओली पट्टी अडकवायची आणि बाहेर उभं राहायचं. पट्टी सहसा तपकिरी व्हायची. गटारातूनही हाच गॅस येतो, म्हणून घरीसुद्धा मी एक पट्टी न्हाणीघरातल्या मोरीच्या जाळीला बांधून ठेवली होती. एका सकाळी ती कडेला काळी पडलेली दिसली. घरात कुणालाच काही वास आला नव्हता. मी आईला काही बोलले नाही, पट्टी काढून टाकली आणि आठवडाभर तिथे दार उघडं ठेवून आंघोळ केली.

त्या दिवशी दुपारची बॅच होती. ती आमच्या दोन नळ्या घेऊन आत गेली, मी फटीत पट्टी लावली, आणि वीज गेली. पंखे थांबले. लॅब एकदम शांत झाली, फक्त बर्नरची फुरफुर. कुणीतरी “अरे यार” म्हणालं. लॅबचे काका खिडक्या उघडायला मागच्या बाजूला गेले. गॅस रूमचा पंखाही बंद झालाय हे मला दिसत होतं, म्हणून मी दारावर टकटक करून म्हटलं, “ये बाहेर.”

“बे मिनिट,” ती आतून म्हणाली. “आता तर वास पण नाही येत. तुझा साका राहिलाय.”

मी पट्टीकडे बघितलं. ती काळी होत होती. टोकापासून वर, चकचकीत काळी, मी पाहिली नव्हती इतकी काळी. आणि पुस्तकातली ओळ माझ्या डोक्यात स्पष्ट उभी राहिली. मीच तिला आदल्या रात्री फोनवर वाचून दाखवली होती: गॅस जास्त झाला की आधी नाकच बंद पडतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं आमच्या वर्गात सगळेच धरून चालायचे.

मला ओरडायला पाहिजे होतं. मी पट्टी फटीतून काढून हातात घेतली आणि उभी राहिले. ओरडले असते तर सर आले असते. तुला कसं कळलं, असं विचारलं असतं. पट्टी दाखवावी लागली असती, आणि खिशात पट्ट्या घेऊन का फिरतेस, हे सांगावं लागलं असतं. शेवटच्या वर्षाचं, पुढे एम.एस्सी.चं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी सरांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते. काचेतून ती दिसत होती. ती यंत्राचा खालचा नळ बंद करायला वाकली. हा गॅस जड असतो, जमिनीवर साचतो. ती वाकली आणि सरळ झालीच नाही. भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, जणू दमलीय म्हणून बसतेय. तिचं तोंड माझ्याकडे होतं. मग नळ्या फुटल्याचा आवाज आला.

तेव्हा मी ओरडले. श्वास कोंडून आत शिरले, तिला एप्रनला धरून फरफटत बाहेर काढलं. काका “बारी उघाडो, खिडक्या उघडा!” करत धावत आले, सरांनी तिला व्हरांड्यात नेलं. तिचे ओठ राखाडी झाले होते. बऱ्याच वेळाने ती खोकली. तो खोकला ऐकून मी तिथेच लादीवर बसले आणि रडले.

तिला एक दिवस दवाखान्यात ठेवलं आणि घरी सोडलं. सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माझी पाठ थोपटली. वीज गेल्याबरोबर हिला वास आला म्हणून एक जीव वाचला, असं ते म्हणाले. गॅस रूमला कुलूप लागलं. मी काही बोलले नाही. त्या आठवड्यात मला रोज केस जळल्याचा वास येत होता. सकाळीही, लेक्चरमध्येही.

रविवारी मी स्कूटी काढून मकरपुऱ्याला तिच्या घरी गेले. तिच्या आईने दारातच माझे दोन्ही गाल हातात धरले. “तू होतीस म्हणून गं बाई,” म्हणाली. मला शिरा दिला, परत वाढला. मी मान खाली घालून खाल्ला. शेजारीण कॉटवर बसून आमच्याकडे बघत होती, हसत नव्हती.

निघाले तेव्हा ती मला सोडायला खाली आली. रस्त्याने कंपनीची बस गेली, धूळ उडाली. ती म्हणाली, “मला आवाज काढता येत नव्हता. पाय पण गेले होते. पण दिसत होतं.”

“हो,” मी म्हटलं.

“तू दारात उभी होतीस. हातात कागद होता.”

मी खरं तेच सांगितलं. सर काय विचारतील, त्यांना काय सांगायचं, याचा मी विचार करत होते. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “काचेवर उजेड पडलाय, म्हणून तुला मी दिसत नाहीये.”

काचेवर उजेड नव्हता. मला ती पूर्ण दिसत होती.