खडी बारीक आहे इथली

मेलबर्नच्या टोकाला, टार्निटमधली आमच्या बाजूची घरं संपली की मागे एक ओहोळ वाहतो. वाहतो असं आपलं म्हणायचं. वर्षातले आठ महिने तो नुसता पडून असतो. त्याच्या काठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खडीची नवी वाट करायचं काम सध्या चालू आहे. आज सकाळी शिफ्टला निघालो तेव्हा पिवळ्या जाकिटातला एक माणूस ताज्या खडीवर पाण्याचा पाइप धरून उभा होता आणि त्याच्या मागून एक बुटका रोलर घरघरत येत होता. भिजलेल्या दगडाच्या भुकटीचा तो थंड, काहीसा तुरट वास गाडीत शिरला आणि सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल कधी झाला, ते मला कळलंच नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मी फ्रान्सहून परत आलो.

फ्रान्स म्हटलं की लोकांना तो उंच मनोरा आठवतो. मला खडी आठवते. त्याचं कारण माझी ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातारा-सांगलीकडच्या खेड्यापाड्यांचे रस्ते करण्यात तिची इंजिनियरकी गेली. मुरूम, कच, दबाई, साइडपट्टी हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वावरायचे. ती निवृत्त झाली तेव्हा मी फोनवर म्हटलं, "आता सहा महिने माझ्याकडे ये. आमच्या इथे सगळे आपलेच लोक आहेत, तुला करमेल." ती म्हणाली, "तुझ्या घरी नको. मध्ये कुठेतरी भेटू." पुणे आणि मेलबर्नच्या मध्ये फ्रान्स कसा येतो, हे इंजिनियर बाईंना विचारायची माझी छाती झाली नाही. तिकडे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकलींसाठी वाटा केल्या आहेत, असं तिने कुठेतरी पाहिलं होतं. "आयुष्यभर गाड्यांसाठी रस्ते केले," ती म्हणाली, "एकदा गाडीच येणार नाही अशा रस्त्यावरून जायचंय."

तिला माझं घर का नको होतं, ते मला माहीत होतं. आई गेली तेव्हा मी पोहोचलो नव्हतो. कोविडच्या त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. बाहेर पडायलाही परवानगी लागायची. मी अर्ज केला होता आणि परवानगी मिळाली नाही, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. परवानगी आली होती. आई जायच्या चार दिवस आधी, मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात डबा खात बसलो असताना, ती माझ्या फोनवर आली. मी ती दोनदा वाचली. गेलो तर परत कधी येता येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मुलगी दोन वर्षांची होती, नोकरी नवी होती. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यांच्या आड मी घाबरून बसलो होतो, हेही खरं होतं. मी फोन उलटा ठेवला आणि दुपारच्या पेशंटांना 'श्वास रोखून धरा' म्हणायला गेलो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

तर आम्ही फ्रान्समध्ये भेटलो आणि भाड्याच्या सायकलींवरून निघालो. सुरुवातीला दोन दिवस रान होतं. ओक आणि बीचची उंच झाडं, त्यांच्यामधून सरळ गेलेली फिकट वाट, तिच्यावर पानांतून गळून पडलेलं ऊन. इतकी शांतता, की सायकल थांबवली की आपल्याच कानांची कुजबुज ऐकू यावी. तरीही ताई प्रत्येक वळणावर घंटी वाजवायची. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, पण वळण आलं की ट्रिंग ट्रिंग. पुण्यात शिकलेला हात, तो फ्रान्समध्ये का सुधारेल? मधूनच ती उतरायची, चिमूटभर खडी उचलून बोटांत चोळायची आणि मान हलवायची. "म्हणजे हा डांबर पडायच्या आधीचा रस्ता की रे! आमच्याकडे असा सोडला असता तर गावाने मोर्चा आणला असता. आणि इथे लोक विमानाने येतात यावर चालवायला!" मी खूप दिवसांनी तिला हसताना पाहिलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग रान सरलं आणि मैदान लागलं. कापणी झालेल्या गव्हाची शेतं पार आभाळापर्यंत, मध्येच माना टाकलेली सूर्यफुलं आणि त्यांतून गेलेली ती जुनी रेल्वेची वाट. एका ठिकाणी मोडीत निघालेलं स्टेशन लागलं. त्यात आता कुणाचं तरी बिऱ्हाड होतं आणि फलाटावर कपडे वाळत होते. तिथून पुढे वारा तोंडावर आला. खडी जाड होती, टायरांखाली ती करकरत होती. ताई माझ्या शेजारून चालली होती, नजर समोर. आणि एकदम ती मोठ्याने ओरडून म्हणाली, "तुला परवानगी मिळाली होती ना?"

मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी ओरडलो, "काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग पुन्हा समोर बघत ती म्हणाली, "काही नाही. म्हटलं, खडी बारीक आहे इथली."

तीस-पस्तीस वर्षं खडी पारखलेली बाई जाड खडीला बारीक म्हणाली, आणि मी त्यावर "हो ना" म्हणालो. माझ्या आयुष्यातला एवढा हलकट 'हो' दुसरा नसेल. त्यानंतर दोन दिवस आम्ही हवापाण्यावर बोललो, चीजवर बोललो. मुलीचा फोन आला तर ताईने तिला विचारलं, "काय गं, आत्याची आठवण येते का?" ती म्हणाली, "येस आत्या, बट व्हेन आर यू कमिंग टू अवर हाऊस?" ताईने फोन माझ्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीला लागलो. रुंद, संथ नदी. मध्ये वाळूची बेटं, बेटांवर पांढरे पक्षी. ताई काठावर बसून बुटातले खडे झाडत होती. काही तयारी न करता मी म्हणालो, "आली होती."

काय आली होती, हे तिने विचारलं नाही. "कधी?"

"आई जायच्या चार दिवस आधी."

ती बूट हातात धरून बसून राहिली. "वाटलंच होतं मला. त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचा मुलगा सिडनीहून आला होता."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"तेव्हा आई रोज विचारायची, निघाला का तो. मी सांगायचे, सगळं बंद आहे, कुणालाच सोडत नाहीत, तो तिकडे नुसता तळमळतोय. काकूंचा मुलगा दोनदा भेटायला आला. मी त्याला दारातूनच परत पाठवला. म्हटलं, आत नको येऊस रे. तुला पाहिलं तर ती विचारेल, हा कसा आला."

नदी तशीच चालली होती. मी रडलो, ते ताईने पाहिलं आणि पाहू दिलं. ती माझ्या पाठीवर हात ठेवायला आली नाही, आणि नाही आली तेच योग्य होतं. थोड्या वेळाने तिने बूट घातला, नाडी बांधली आणि म्हणाली, "चल. अजून बरंच जायचंय."

तिला आता गुडघे सायकल चालवू देत नाहीत. रविवारी फोन होतो. भाचीशी बोलते, माझ्याशी बोलते, पण अजून ती आमच्या घरी आलेली नाही. आई समाधानाने गेली, हे सगळं गाव म्हणतं. ते समाधान कशावर उभं होतं हे तीन वर्षं एकट्या ताईला माहीत होतं. आता निदान आम्ही दोघं आहोत. मला माफ केलंस का, असं मात्र मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, मनात असो वा नसो, माझ्यासाठी म्हणेल. एकदा माझ्यासाठी ती आईशी खोटं बोलली आहे. आता स्वतःशी खोटं बोलायला मी तिला लावणार नाही.