आडवी फळी

षड्रिपूंच्या नामावळीत मत्सराचे स्थान अगदी शेवटी आहे. तो क्षुद्र म्हणून त्याला शेवटी बसवले असावे असे पुष्कळांना वाटते. पण कदाचित तो ओळखायला सर्वांत अवघड, म्हणूनही असेल. क्रोध दारे आपटतो, लोभ हात पसरतो. मत्सर मात्र शेजारच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो. शास्त्रकारांनी त्याच्यात आणि असूयेत एक सूक्ष्म भेद केला आहे. दुसऱ्याच्या गुणांत दोष काढणे ही असूया. मत्सराला दोष काढण्याची सवलत नसते. समोरच्याचा गुण त्याला पुरता दिसतो, आणि म्हणूनच तो सोसवत नाही. असा निर्मळ मत्सर दुर्मीळ असतो, कारण त्यासाठी गुणाची पारख लागते. ताईपाशी ती होती. धाकटी बहीण वाईट वाजवते असे तिने जन्मात कधी म्हटले नाही.

ताई दस्तनोंदणीच्या कचेरीत टंकलेखिका होती. बुटकी, रुंद मनगटांची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी. खरेदीखते, मृत्युपत्रे, वाटणीपत्रे तिच्या दहा बोटांखालून दिवसभर सरकत, आणि ती यंत्राकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत बसे. हेडक्लार्क म्हणत, "बाई, एखाद्या दिवशी तुम्ही घरी राहा आणि नुसती बोटं पाठवून द्या." धाकटी उंच, सडपातळ, गल्लीच्या टोकाच्या वादनशाळेत शिकवत असे. वडील सुतार होते. त्यांच्या हातून खुर्च्या, कपाटे, दारे पुष्कळ उतरली. पण ज्याचा त्यांना अभिमान होता ती वस्तू एकच होती.

वादनशाळेत शिकवले जाई ते हे वाद्य; सगळे तिला फळी म्हणत, कारण ती दिसायला फळीच होती. कमरेपासून कानापर्यंत पोचणारे एकसंध कठीण लाकूड, त्यावर पट्ट्यांच्या आडव्या रेघा, पाच जाड आणि पाच बारीक अशा दहा तारा. तिला भोपळा नाही, पेटी नाही. आवाज विजेच्या तारेवाटे जमिनीवरच्या एका लहानशा कर्ण्यात जाई. ती छेडायची नसते. दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर नुसता टकटक आघात करायचा. डावा हात खर्जाकडे, उजवा हात सुरावटीकडे. आणि ती धरायची उभी: खालचा आकडा कमरेच्या पट्ट्यात, वरचा पट्टा खांद्यावर, आणि शिडी चढावी तसे दोन बाजूंनी दोन हात. वडिलांनी ती धाकटीच्या उंचीचे माप घेऊन केली होती.

ताईने ती एकदाच अंगाला लावली. वरच्या खुंट्या कानशिलावर आल्या, एक खुंटी चष्म्याच्या काडीत अडकली, आणि चष्मा धाकटीच्या पायाशी जाऊन पडला. सगळे हसले, ताईही हसली. वडील म्हणाले, "राहू दे गं. तुझे हात तिथे यंत्रावर सोन्याचे आहेत." बोलणे मायेचे होते. पण त्या दिवसापासून धाकटी पट्टा खांद्यावर टाकून उभी राहिली, की ताईच्या पोटात कोणी ओला कपडा पिळावा तसे होई. धाकटीचा उजवा हात तारांवरून उतरू लागला म्हणजे वडील रंधा थांबवून ऐकत. ताई यंत्रावर मिनिटाला कितीही शब्द उठवो, रंधा कधी थांबला नव्हता.

ताई साडेपाचला घरी येई आणि धाकटी सातला. वडील त्या वेळी खालच्या कारखान्यात करवतीच्या घरघरीत असत. एका संध्याकाळी ताईने फळी खुंटीवरून काढली आणि आपल्या टंकलेखनाच्या टेबलावर आडवी ठेवली. तिला दुसरे काही सुचण्यासारखे नव्हते. बोटांखाली यायची ती वस्तू टेबलावर असते, एवढेच तिला ठाऊक होते. फळी सरकू नये म्हणून यंत्राखालचा लोकरीचा जाड नमदा तिच्याखाली घातला, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही हात वरून खाली सोडले. डाव्या हाताला आता काही धरायचे नव्हते, सावरायचे नव्हते. तो मोकळा झाला आणि खर्जाच्या तारांवर असा चालू लागला, की ताई स्वतःच दचकली.

एकच अडचण होती. धाकटी उभ्याने जोरात ठोकत असे, म्हणून तिच्यासाठी तारा उंच बसवलेल्या होत्या. ताईची बोटे हलकी. मग तिने एक पद्धत पाडली: आल्याबरोबर तारांखालचे स्क्रू अर्धा आटा खाली, आणि सातला पाच कमी असताना अर्धा आटा वर. दोन वर्षे हे बिनबोभाट चालले. जगात एवढी एकच गोष्ट तिच्या एकटीची होती. ती धाकटीला दिलेली नव्हती, आणि धाकटीला ठाऊकही नव्हती.

त्या वर्षी दूरच्या मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदाची निवड नगरसभागृहात ठेवली होती. फळीवादकाची जागा एक. परीक्षकांत वादनशाळेचे मास्तरही होते, ज्यांनी उभ्या हयातीत विद्यार्थ्याला फळी तिरपीसुद्धा धरू दिली नव्हती. आदल्या संध्याकाळी धाकटी वेळेआधी आली. जिन्यावर पावले वाजली आणि ताईने घाईघाईने फळी खुंटीला लावली. स्क्रू खालीच राहिले.

सकाळी दात घासताना ताईला ते आठवले. तोंडात फेस घेऊन ती मोरीपाशी तशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीत धाकटी फळीला गवसणी घालत होती. तारा खाली असताना जोरात ठोकले तर सूर निघत नाही, नुसती खरखर निघते. अर्ध्या मिनिटाचे काम होते. ताईने चूळ भरली, बाहेर आली, आणि म्हणाली, "पट्टा नीट आवळ. सैल दिसतोय."

"आवळते," धाकटी म्हणाली. "येऊ का गं?"

"ये."

त्या सकाळी कचेरीत ताईने एका मृत्युपत्रात दोन चुका केल्या. तिने आयुष्यात केलेल्या चुका हेडक्लार्कना तोंडपाठ होत्या, कारण तोवर एकही नव्हती. अर्धा दिवस भरल्यावर ती घरी आली तेव्हा धाकटी टेबलापाशी बसली होती, ताईच्याच खुर्चीत.

"निवडलं मला," धाकटी म्हणाली.

ताईला काही कळेना. "वाजली?"

"उभी नाही वाजली. खरखरली. मग पट्टा काढला, परीक्षकांचे कागद बाजूला सारले आणि त्यांच्याच टेबलावर आडवी ठेवली. हलक्या बोटांनी वाजवली. मास्तर म्हणाले, 'हे काय, इस्त्री करतेस काय?' आणि मग खुर्ची ओढून इतके जवळ आले, की त्यांचा श्वास तारांवर लागत होता. असं कधी पाहिलं नव्हतं म्हणाले."

जिला हरायला पाठवले, ती ताईजवळ होते नव्हते तेवढे जिंकून आली होती.

"माझं होतं ते," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"तुझंच."

"तुला कुठून कळलं?"

"दोन वर्षं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ऐकतेय. शाळा सहालाच सुटते, बाईसाहेब. सातपर्यंत मी काय बाजारात भटकत होते? आणि स्क्रूच्या खाचांवर रोज ताजे ओरखडे. आंधळी आहे का मी?"

ताई भिंतीला टेकली. आता सांगायला हवे होते. "आज स्क्रू मी खाली ठेवले. काल घाईत राहिले, पण सकाळी आठवलं होतं. तू निघायच्या आधी. मी बोलले नाही."

धाकटीने पर्स उघडली आणि त्यातून लहानसा पेचकस काढून टेबलावर ठेवला. "हा माझ्याकडे नेहमी असतो. पहिल्या ठोक्याला कळलं मला. दोन मिनिटं मागितली असती तर त्यांनी दिली असती."

"मग वर का नाही केलेस?"

"जळत होते म्हणून." धाकटी फळीकडे पाहत होती. "शाळेत दार लावून किती वेळा आडवी घेऊन बसले. नाही येत. तुझा डावा हात माझ्याकडे नाहीये, ताई. वाटलं, एकदा लोकांसमोर माझं म्हणून वाजवून बघावं. आजही डावा हात कच्चाच होता. त्यांना नाही कळलं. मला कळलं."

मग ताई म्हणाली, "ऊठ माझ्या खुर्चीतून."

धाकटी उठली. ताई बसली, आणि करवत खाली चालू आहे की थांबली आहे हे न पाहता तिने प्रथमच कोणासमोर फळी वाजवली. धाकटी ओठ चावत ऐकत राहिली. किती वेळाने कोण जाणे, वडील भुशाने माखलेले दारात येऊन उभे होते. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी जमिनीपासून ताईच्या कोपरापर्यंतचे अंतर मोजले, टेबल उचलून खाली नेले, आणि त्याचे चारही पाय चार बोटे कापून परत आणून ठेवले.

धाकटी महिन्याभराने शहरात गेली. जाताना फळी तिने नेली नाही. "तुझ्या मापाची आहे, ने," असे ताई म्हणाली, तेव्हा "आडवीला माप लागत नाही," असे उत्तर देऊन तिने गवसणी ताईच्या पलंगावर टाकली. शहरात धाकटीने दुसरी फळी करवून घेतली आणि आडवीच वाजवत राहिली. तिचे नाव झाले. वृत्तपत्रांत तिच्या नव्या पद्धतीविषयी लिहून आले; ती कात्रणे ताईने स्वतः कापली, तारखेनुसार लावली, आणि पुन्हा उघडून पाहिली नाहीत.

मत्सर गेला असे म्हणणे खोटे ठरेल. सत्य कळल्यावर विकार शमतात अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. एकदाच ताई शहरात तिचे वादन ऐकायला गेली. शेवटच्या रांगेत बसली आणि सर्वांत उशिरा टाळ्या वाजवल्या. नंतर धाकटीने आतल्या खोलीत विचारले, "पोटात दुखतंय?"

"दुखतंय," ताई म्हणाली. "फार छान वाजवलंस."

"मलाही दुखतंय. घरी रोज वाजवतेस ना अजून?"

"रोज."

त्यानंतर सव्वीस वर्षे ताई कचेरीत गेली. यंत्रे बदलली, निवृत्तीचा दिवस आला, वडील गेले. संध्याकाळी साडेपाच ते सात ती आडव्या फळीवर वाजवत असे. ऐकायला बहुधा कोणी नसे, आणि तिने कोणाला बोलावलेही नाही. ताई गेल्यावर धाकटीच्या सांत्वनाला आलेला एक म्हातारा शेजारी म्हणाला, की संध्याकाळच्या त्या आवाजावर आम्ही घड्याळ लावायचो; वाद्य कोणते, हे मात्र आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

ताईला जाऊन सहा वर्षे झाली. गल्लीच्या टोकाच्या वादनशाळेत आज अकरा मुले फळी आडवी घेऊन शिकतात. ही पद्धत बहिणीची आहे, असे धाकटी दर वर्षी येऊन सांगते; मुले आदराने मान डोलावतात. पद्धतीला नाव धाकटीचेच आहे.