म्हाताऱ्यांच्या पेन्शनची चौकशी

कचेरीतल्या फायलींना यथावकाश वाळवी लागली, किस्से मात्र माझ्या डोक्यात वाढतच गेले. बायको म्हणते, आता पुरे! पण कोणी चहाला आलं की माझं सुरू!

ऐंशी सालच्या आसपास निराधार म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन मिळू लागली. भोरला अर्जांचं टेबल माझ्याकडं होतं. जन्मदाखला कोणाकडंच नसायचा.

“बाबा, वय किती?”

“लिवा तुमच्या अंदाजानं.”

मी पांढऱ्या दाढीकडं बघून सत्तर लिहिलं. बाबांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं. “ह्यो माजा धाकला भाऊ. ह्याचं मगाशी तुमीच पंच्याहत्तर लिवलंय!”

*

काम होत नाही, असा डॉक्टरी दाखला लागायचा. पालीचे एक आजोबा एसटी चुकली म्हणून डोंगर उतरून पायीच आले, तेही डोक्यावर लेकीसाठी नाचणीचं गाठोडं घेऊन! डॉक्टरांनी लिहिलं, ‘तब्येत ठणठणीत.’

मी म्हटलं, “बाबा, अर्ज बाद झाला.”

“हूं द्या! त्यो कागूद तेवढा मला द्या. म्हातारी रोज म्हनती, तुमच्यात दम ऱ्हायला न्हाई!”

*

सगळ्यात भारी किस्सा वेल्ह्याकडचा. एका वाडीतल्या गंगूआजींना मागंपुढं कोणी नव्हतं. नजर गेली, मजुरी सुटली. पेन्शन मिळाली तरच त्यांची चूल पेटणार होती.

चौकशीला नवे साहेब आणि मी गेलो. बघतो तर काय, साहेब येणार म्हणून अख्ख्या वाडीनं आजींचं घर सजवलेलं! खाटेवर नवी गादी, भिंतीवर घड्याळ, पितळेची भांडी, साहेबांना खुर्ची आणि जेवायला कोंबडीचा रस्सा. ही चौकशी गरिबीची आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

साहेब पोटभर जेवले. ढेकर देऊन त्यांनी अर्जावर लिहिलं, ‘परिस्थिती चांगली. पेन्शनची गरज नाही.’

मला आजींकडं बघवेना. मी काही बोलणार, तेवढ्यात एक बाई येऊन पातेलं घेऊन गेली. एकानं घड्याळ काढलं. दोघांनी गादीसकट खाट उचलली. शेवटी पाटलांचा गडी हात जोडून उभा राहिला.

“सायेब, वाईच उठता का? खुर्ची मालकांची हाय.”

साहेब उठले. त्यांनी रिकाम्या घराकडं एकदा बघितलं, लिहिलेलं खोडलं आणि भिंतीला कागद टेकवून ‘मंजूर’ लिहिलं. मग हसत विचारलं, “आजी, ह्यातलं तुमचं काय होतं हो?”

“पावणं माजं व्हतं की!”