शेवटची कॉफी मशीन

कॉफीच्या ऑटोमॅटिक मशीनसाठी मी एका अनोळखी बाईंशी खोटं बोललो. गोंदियाच्या त्या दुकानात एकच मशीन उरली होती, आणि सुटीत येणाऱ्या मुलीसाठी मलाही तीच हवी होती.

बाई जवळच्या बिरसी गावाहून आल्या होत्या. दुकानदाराला पुन्हा पुन्हा बटण दाबायला लावत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. मशीनवर उमटलेली आपली बोटं पदरानं पुसत.

"पोरगा पुण्यावरून येऊन राहिला. चहा सोडला त्यानं," त्या मला म्हणाल्या. "कॉफीच्या निमित्तानं तरी माह्यापाशी बसन."

दुकानदार फोनवर होता. मी हळूच म्हणालो, "ताई, या मशीनला म्हशीचं दूध चालत नाही. फसाल."

त्यांनी मशीनवरचा हात काढून घेतला.

माझी मुलगी आली. कॉफीचा कप घेऊन खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची.

पुढे त्या बाई स्टेशनवर दिसल्या. गाडी निघून गेली होती, तरी त्यांचा हात वरच होता. मला ओळखून हसल्या.

"भाऊ, तुम्ही सांगतलं म्हणून वाचली मी."

"मुलगा राहिला का?"

"दोन दिस. तेबी दोस्ताईसंग बाहेरच."

"ताई," मी म्हणालो, "मशीन मला हवी होती, म्हणून मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."