पंचमीची पंच्याहत्तर मिनिटं

फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारात बांगडे निवडत होते. पूर्णगडच्या आमच्या शाळेतली सातवीतली समीक्षा बोलत होती. "मोठ्या बाई, सुलभाबाई गेल्या..." मी विचारलं, "गेल्या? कुठे?" इतकी वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढलेल्या बाईने हा प्रश्न विचारला! पहाटे झोपेतच गेली, हे मला एसटीत बसल्यावर हळूहळू उमगलं. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. आठच दिवसांपूर्वी ती मला म्हणाली होती, "नलू, आता निवृत्त झालीस ना, मग ये की माझ्या वर्गात शिकायला. चार पाठांत जमेल तुला." मी म्हटलं होतं, पावसाळा संपू दे, मग बघू. पावसाळा संपला आणि ही बाई निघून गेली.

सुलभा आमच्या शाळेत गणित शिकवायची. मुलांसमोर मला 'मोठ्या बाई' म्हणायची आणि मुलं पांगली की 'नलू'. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना तिने कोडिंगचं खूळ घेतलं. शाळेला मिळालेले चार जुने लॅपटॉप मागच्या खोलीत धूळ खात पडले होते, ते तिने पुसून काढले. मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या फुकटच्या वेबसाइट असतात, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं, हे तिने मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी काय म्हणाले असेन? "आधी पोरांचे पाढे पाठ होऊ देत, मग तुझं मांजर." हे मी नुसतं बोलले नाही, तिच्या टाचणवहीत लाल शाईने लिहिलं. आज ते कबूल करताना लाज वाटते, पण लपवणार नाही. सुलभाने शेरा वाचला, वही बंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर वर्ग घ्यायला लागली. शाळेच्या वेळात नाही ना, मग मोठ्या बाई काय करणार?

गावात नेटवर्कची बोंब. म्हणून रविवारी ही बया भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन किल्ल्याच्या बुरुजावर जायची. तिथे रेंज मिळायची. फोनवर आठवड्याचे पाठ उतरवून घ्यायचे आणि खाली येऊन लॅपटॉपवर टाकायचे. सगळे पाठ इंग्रजीतले, आणि त्यातली उदाहरणं तर विचारू नका. एका पाठात बर्फाचा माणूस बनवायचा होता. सुलभा म्हणाली, "आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो मासळीच्या खोक्यात. त्याचा माणूस कशाला करतील? त्यात सुरमई ठेवतील." तिने तो माणूस काढला आणि होडी घातली. मग एकेक पाठ स्वतःच्या आवाजात मराठीतून ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर फुकट ठेवायला लागली. मागून कोंबडे आरवतात, मध्येच ती कोणाला तरी "दार लोट गो" म्हणते, सगळं तसंच ठेवलंय. पोरं होडीवर जाणार किंवा मुंबईला, त्यांना हे कशाला, असं गावातल्या शहाण्यांनी ऐकवलं. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "होडीवर जाईल तो मठ्ठ असावा, असं कुठे लिहिलंय?"

आणि मग तो समुद्राच्या भरतीचा प्रोग्राम. मुलांनी ठरवलं, आज तिथी कुठली हे सांगितलं की भरती किती वाजता ते लॅपटॉपने सांगायचं. हिशोब इथल्या प्रत्येक खलाशाला माहीत असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अदमासे. मुलांनी ठोकळे जोडले आणि समीक्षाच्या आजोबांना बोलावून आणलं. धर्मा तांडेल म्हणजे उभा जन्म होडी हाकलेला माणूस. त्या दिवशी पंचमी होती. समीक्षाने पाच आकडा घातला. पडद्यावर आलं, 'तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं'. तांडेल पोट धरून हसले. "पंच्याहत्तर मिनटा कुठल्या घड्याळात व्हतात गो बाय? पाच पाऊण पावणेचार! पाऊणकी येत नाय नि यंत्र चालवताव?" मुलं हिरमुसली. मी दारात उभी होते, मनातून थोडी खूशही झाले, खोटं कशाला सांगू... सुलभा मात्र टाळ्या वाजवत होती. "चुकलं ना? छान झालं. यंत्राला तुम्ही सांगितलं तेच त्याने केलं. आता शोधा कुठे."

दोन दिवस मुलं शोधत होती. तीन पूर्णांक पंच्याहत्तर शतांश तास म्हणजे तीन तास पंच्याहत्तर मिनिटं नव्हेत, त्या पंच्याहत्तर शतांशाला साठाने गुणायला हवं, हे समीक्षाला सापडलं. तोवर सुलभाने तांडेलांना खुर्चीवर बसवून त्यांच्यामागून अख्खी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मुलांना म्हणायला लावली होती. ज्या पाढ्यांसाठी मी लाल शाई वापरली, ते पाढे मुलं आता वेड्यासारखी घोकत होती. तिने मला टोमणाही मारला नाही. नुसतं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या दिवसापासून धक्क्यावरच्या फळ्यावर मुलं रोज भरतीची वेळ लिहितात.

ती गेल्यावर पंधरवड्याने शाळा समितीची बैठक झाली, मलाही बोलावलं होतं. अध्यक्ष सुलभाबद्दल चांगलं बोलले आणि लगेच म्हणाले, "आता बाई नाहीत, शिकवणार कोण? खोली रिकामी करू, पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला बरी पडेल." मला सुलभाचा आवाज ऐकू आला वगैरे काही झालं नाही. माझं डोकं फिरलं, एवढंच. मी उठले आणि म्हटलं, "मी शिकवीन." कोणीतरी हसलं. "मोठ्या बाई, तुम्हाला येतं?" मी म्हटलं, "नाही येत. शिकेन. तोवर किल्ली माझ्याकडे राहील." आणि टेबलावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

शनिवारी त्या खोलीत बसले. तिचा चष्मा अजून खिडकीत होता, तो तसाच राहू दिला. समीक्षाने सुलभाचा भरतीचा पाठ लावून दिला. सुलभा सांगत होती, मी ठोकळे जोडत होते, मागे कोंबडा आरवत होता. शेवटी मी पाच आकडा घातला आणि बटण दाबलं. तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं! समीक्षाने ओढणी तोंडात कोंबली. आणि त्याच वेळी लॅपटॉपमधून सुलभा म्हणाली, "चुकलं ना? छान झालं. आता शोधा कुठे." तिने ती चूक पाठात मुद्दाम ठेवली होती... मी तिथे बसून पोटभर रडले आणि मग शोधायला लागले. चूक काय ते ठाऊक होतं, पण ती ठोकळ्यांत नेमकी कुठे बसलीय हे शोधण्यात दोन शनिवार गेले. सापडली.

आता दर शनिवारी मी एसटीने पूर्णगडला जाते. समितीचा निरोप दोनदा आलाय, तांदूळ यायचाय, खोली हवीय. माझं उत्तर त्यांनी इथेच वाचावं. शनिवारी वर्गात या, मुलांच्या शेजारी बसा, पंचमीची भरती किती वाजता ते यंत्राकडून वदवून दाखवा. मग किल्ली मागा.