यवतला उतरणाऱ्या मावशी

"तुमच्या फॉर्मात बसंल ते लिहा, ताई," असं म्हणून मावशी पदरानं चष्मा पुसायला लागायच्या. माझा प्रश्न तसाच राहायचा.

मी तेव्हा सर्वेक्षणाचं काम करत होते. तिकीट स्वस्त केलं, थेट बस दिली, तर रोज पुण्याकडे जाणारी माणसं काय करतील, याचा अंदाज आम्ही संगणकावर मांडत होतो. त्यासाठी केडगावच्या थांब्यावर मी फॉर्म भरून घ्यायचे. मावशी हडपसरच्या एका दवाखान्यात आया होत्या. केडगावातून सरळ रेल्वे असताना त्या यवतला बस बदलून जायच्या. वेळ जास्त, खर्चही जास्त. आमच्या गणितात त्या बसतच नव्हत्या.

"रेल्वेत गर्दी असते म्हणून का?"

"व्हय."

"का स्टेशन लांब पडतं?"

"तसंबी हाय."

अशी माणसं तुम्हालाही भेटली असतील. विचाराल त्याला हो म्हणतात आणि हाती काही लागू देत नाहीत.

एकदा मी त्यांच्याबरोबर यवतला उतरले. समोरच्या मेडिकलमधून एक तरुणी धावत आली. मावशींनी तिच्या हातात डबा दिला, कपाळावरचे केस मागे सारले. दोघी उभ्याउभ्याच चहा प्यायल्या. तेवढ्यात पुढची बस आली.

"लेक माझी," बसमध्ये मावशी हळूच म्हणाल्या. "आपल्या मनानं लगीन केलं. ह्यांनी घरात तिचं नावबी काढू दिलं न्हाई. हे नका लिहू."

मी 'प्रवासाचं कारण' यापुढे 'नोकरी' लिहिलं. बस बदलण्याचा त्रास वाचवावा, असं आमच्या अहवालात आलं. पुढे थेट बस सुरू झाली. ती यवत गावात शिरत नव्हती. यवतला थांबणारी जुनी बस बंद झाली.

नव्या बसमध्ये मावशी एकदाच भेटल्या. "सोय झाली की," म्हणाल्या. डबा मांडीवर तसाच. नंतर त्या दिसल्याच नाहीत.

न राहवून मी फॉर्मवरचा पत्ता शोधून त्यांच्या घरी गेले. दारात त्यांचे मालक होते.

"ती लेकीकडं ऱ्हाती आता. बस बंद झाली म्हणून गेली म्हणं. बससाठी कुणी घर सोडतंय व्हय?"

त्या रोज यवतला उतरून लेकीला डबा द्यायच्या, एवढंच मी सांगितलं. चुकलं कोण? बस, आम्ही, की ते? मला अजूनही नीट उमगत नाही.

ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "यवतला जायला गाडी कवा हाय?"

मी रेल्वेच्या वेळा सांगितल्या; यवतचं स्टेशन गावापासून लांब आहे, तेही सांगितलं.

"येतानाच्याबी सांगा. चौघं आसू आमी. जावई धरून."