ईस्टरच्या पहाटे पाळीवरून

आमची मंडळी म्हणजे केशोरीच्या आसपासची पाच घरं. चर्चची इमारत नाही. दर रविवारी एका घराच्या ओसरीत सतरंजी पसरायची आणि तिथंच उपासना करायची. मी जवळच्या शाळेत शिकवते, आणि ओसरीत पेटी वाजवायचं कामही माझ्याकडेच आहे. आई गेल्यानंतरची दोन वर्षं ती पेटी मी कागदावर शिक्के मारावेत तशी वाजवत होते. सूर बरोबर, बोटं बरोबर, आत काही नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की देव आठवायच्या ऐवजी शाळेच्या खिचडीचे तांदूळ आठवायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मावशीला कळलं असावं.

मावशी माझी सख्खी नव्हे, आईची मैत्रीण. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, सत्तरीची, उंच, आणि आवाज असा की सुई टोचायच्या आधीच पेशंटला बरं वाटावं. ती मला एकदाच म्हणाली होती, "तू आजकाल पेटी वाजवत नाही, पेटीले मारून राहिली."

त्या वर्षी ईस्टरची पहाटेची उपासना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, करायचं ठरलं. मोहफुलं पडायचे दिवस होते. पळस झडत आला होता, कुसुमाच्या झाडांना तांबडी पालवी फुटली होती, आणि मोहाचा वास इतका गोड आणि दाट की नुसत्या श्वासानं नशा चढावी. आम्ही सतरा जण अंधारातच निघालो. सोबत सतरंज्या, पेटी, चहाचा थर्मास आणि केकचा डबा. सगळ्यांचे कपडे नवे, बहुतेकांचे पांढरे. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, अर्जुनीहून मोटरसायकलनं यायचे होते. पूर्वेला फटफटायला लागलं तरी त्यांचा पत्ता नव्हता. मग फोन आला : टायर पंक्चर झालाय, तुम्ही सुरू करा.

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मावशीनं चष्मा लावला, बायबलातलं शुभवर्तमान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीपाशी गेलेल्या बाया, बाजूला सरकलेली धोंड, रिकामी कबर, प्रभू उठल्याची बातमी. ती ऐकून बाया कशा निघाल्या, इथवर वाचून ती थांबली आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघायला लागली.

"मंग काय केलं त्यायनं?"

केकचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या काकांनी घसा साफ केला. "धावल्या."

"हो ना! धावल्या. मंग तुमी काऊन बसून राहिले? उठा!"

आम्हाला वाटलं, प्रार्थना. आम्ही उठलो आणि डोळे मिटले.

"डोळे मिटून कायले उभे? धावा!"

आणि ती धावली. पदर खोचून, चपला तिथंच टाकून, सत्तरीची बाई पाळीवरून सुसाट. क्षणभर आम्ही बघत राहिलो. मग काकांची सून निघाली, तिच्या मागं काका डबा छातीशी धरून, आणि मग सगळेच. मीही. शेवटची कधी धावले होते आठवत नव्हतं. पायाखाली गार माती होती आणि एका हाताला पाण्यावर गुलाबी उजेड.

पाळीच्या पुढच्या अंगाला सात-आठ बाया मोहफुलं वेचत होत्या. त्यांनी मान वर केली, तर पांढऱ्या कपड्यांतली सतरा माणसं आपल्याकडे धावत येताहेत. मोह वेचणाऱ्या बाईच्या मनात वाघ कायमच असतो. आमच्याकडे ती थट्टेची गोष्ट नाही.

"वाघ! वाघ आला वो!"

टोपल्या टाकून बाया धावत सुटल्या. त्यांना धावताना बघून आमच्यातल्या मागच्यांना वाटलं, खरंच वाघ. मग मात्र जे धावलो! काकांनी मावशीलाही मागं टाकलं.

पाळ संपते तिथं सगळे एकत्र अडकलो. त्या बायांतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून मागं बघत म्हणाली, "कुठी आहे वो वाघ?"

"वाघ नाही वो माय," मावशी धापा टाकत म्हणाली.

"मंग कायले धावून राहिले?"

मावशीला दम लागला होता. तिनं माझ्याकडे बोट केलं. "हे सांगते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आमचा प्रभू मेला होता. तो जिवंत झाला."

म्हातारीनं डोळे मोठे केले. "आत्ता?"

"नाही, लई जुनी गोष्ट आहे."

"मंग आज काऊन धावून राहिले?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. थांबेना. मी खाली फुलांत बसले, पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्यात आईही होती. इतकी वर्षं ते वाक्य ओसरीत म्हणत होते, पण ज्याला ते ठाऊक नाही अशा माणसाला कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ते माझ्याच कानांवर पहिल्यांदा पडलं. जिवंत झाला!

"मले आजच समजलं वो," मी म्हटलं.

"मंग बरोबर आहे," म्हातारी गंभीरपणे म्हणाली. "अशी बातमी आली तं माणूस धावतेच." आणि तीही हसायला लागली.

तिकडे पाळक पोचले, तर पाळीवर सतरंज्या, पेटी आणि चपला, माणूस एक नाही. बिचारे मोटरसायकल टाकून धावत आले. "अरे भाई, क्या हुआ?"

"प्रभू उठला आहे!" मावशी ओरडली.

"खरोखर उठला आहे," ईस्टरचं ठरलेलं उत्तर त्यांनी सवयीनं, धापा टाकत दिलं आणि मटकन बसले.

टोपल्या सांडल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी वाकून फुलं वेचली, पाळकांनीही. उपासना तिथंच, मोहाखाली झाली. त्या बायाही थांबल्या. चेपलेला केक त्यांनी आमच्यासोबत बोटांनी खाल्ला. कोणीतरी पेटी आणून दिली आणि मी वाजवायला लागले, तर बोटं इतकी पळायला लागली की गाणाऱ्यांना गाठता येईना.

"हळू वो!" मावशी म्हणाली. "अजून दम आला नाही आमाले!"

मी काही हळू वाजवलं नाही.

त्यानंतर कोरडे रविवार आले नाहीत असं नाही. येतात, आणि जातात. मी त्यांना आता घाबरत नाही. त्या दुपारी मावशीकडे जेवायला बसलो, तेव्हा जेवताना कोणीतरी डोळे मोठे करून "आत्ता?" म्हणायचं आणि सगळ्यांना ठसका लागायचा. काकांनी तीनदा भात घेतला. मी चारदा.